सर्व्हरवर खापर फोडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा भरतीच्या अर्जांची मुदत संपत आली की ‘सर्व्हर डाऊन’ची ओरड ठरलेली. पण दर वेळी दोष गर्दीचाच असतो असे नाही. ओटीपी बरोबर टाकूनही पान पुढे सरकत नाही, फी खात्यातून जाते आणि अर्ज ‘अपूर्ण’च राहतो, असे प्रकार एकच जण अर्ज भरत असतानाही होऊ शकतात. ते लोड टेस्टिंगमध्ये, म्हणजे गर्दीत वेबसाइट टिकते का हे पाहणाऱ्या तपासणीत, सापडत नाहीत. त्यासाठी नोंदणीपासून पावतीपर्यंतचा अख्खा अर्ज खऱ्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्टकडून (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडून) पुन्हा पुन्हा भरून घ्यावा लागतो. याला एंड-टू-एंड टेस्टिंग म्हणतात. सार्वजनिक वेबसाइटच्या प्रत्येक निविदेत त्याची अट असावी, अशी आमची मागणी आहे.

अशा स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनांना पैसे पडत नाहीत. सेलेनियम २००४ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० मध्ये आले. नव्याने सुरुवात करायची तर प्लेराइट घ्यावे. क्रोममागचे क्रोमियम, फायरफॉक्स आणि सफारीमागचे वेबकिट ही ब्राउझरची तिन्ही इंजिने एकाच स्क्रिप्टवर चालतात. बसवणे सोपे आहे, घोळ होतात ते स्क्रिप्ट लिहिताना.

सगळ्यात जास्त नडतो तो ठरावीक थांबा. ‘पाच सेकंद थांब’ असे लिहिले की सर्व्हर मंद असेल त्या दिवशी टेस्ट उगाच फेल होते आणि एरवी वेळ फुकट जातो. त्याऐवजी ‘अर्ज क्रमांक दिसला पाहिजे’ अशी अपेक्षा लिहावी. प्लेराइट ती ५ सेकंदांपर्यंत स्वतःच तपासत राहते. पेमेंटसाठी ही मर्यादा ३० सेकंद करावी, पण अख्ख्या टेस्टची मूळ मर्यादाही ३० सेकंदच असते. तीही वाढवली नाही, तर टेस्ट आधीच तुटते. बटण शोधायचे ते ‘अर्ज सादर करा’ या नावाने, पानावरच्या जागेवरून नव्हे. बटण म्हणून ते सापडलेच नाही, तर अंध उमेदवाराला पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही बहुधा ते बटण वाटणार नाही, हे जाता जाता कळते.

मुदतीची तारीख वेगळी तपासावी. ‘२०२६-०६-३०’ अशी नुसती तारीख दिली, तर ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरते, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. तीच वेळ मुदत म्हणून वापरली, तर ३० जूनला रात्री बंद व्हायचा फॉर्म उजाडताच बंद! आठवडाभर आधी दुपारी हाताने तपासणाऱ्याला हे दिसणारच नाही. टेस्टमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ ठेवून ब्राउझरचे घड्याळ ३० जून रात्री ११.५८ वर आणावे आणि बटण चालू आहे का पाहावे. मग मध्यरात्रीनंतर, १ जुलै १२.०१ वर ते बंद झाले का पाहावे. मात्र याने ब्राउझरचेच घड्याळ बदलते. सर्व्हरवरची तपासणी घ्यायची, तर टेस्टच्या सर्व्हरवर मुदत बदलण्याची सोय हवी.

पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन फी स्वीकारणाऱ्या सेवेच्या) टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खरे पैसे न जाता, फी भरून बँकेच्या पानावरून परत येतानाची विनंती मुद्दाम तोडावी. पुन्हा लॉगिन केल्यावर ‘फी जमा’ दिसलेच पाहिजे. दिसत नसेल, तर वेबसाइट गेटवेकडून सर्व्हरला येणाऱ्या थेट निरोपावर नव्हे, उमेदवाराच्या ब्राउझरवर विसंबून आहे. ओटीपीसाठी टेस्टच्या सर्व्हरवर ठरावीक आकडा ठेवावा. ती पळवाट चुकूनही खऱ्या वेबसाइटवर जाता कामा नये. प्रत्येक टेस्टने आपला उमेदवार स्वतः तयार करावा. एकच मोबाइल नंबर सगळीकडे वापरला, की एकत्र चालणाऱ्या टेस्ट एकमेकींचे अर्ज बिघडवतात.

शंभर टेस्ट लिहायची गरज नाही. अर्जाच्या मुख्य वाटांसाठी पंधरा-वीस पुरतात, पण कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर त्या चालल्या पाहिजेत. या स्क्रिप्ट कोडबरोबर ताब्यात घ्याव्यात आणि रिपोर्ट नीट वाचावा. फेल झालेली टेस्ट दोनदा पुन्हा चालवायची मुभा दिली असेल, तर पहिल्यांदा फेल आणि नंतर पास झालेल्या टेस्टवर ‘फ्लेकी’ (बेभरवशाची) असा शिक्का बसतो, तरी एकूण निकाल पासच येतो. त्या टेस्टची यादी ठेकेदाराकडून वेगळी मागून घ्यावी.

– वेब टेस्टिंगमध्ये काम करणारे काही वाचक, पुणे