वेबसाइट बांधण्याआधीच शोधाचा विचार हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. २०२७च्या सिंहस्थाला येणाऱ्यांना आम्ही सापडावं म्हणून गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली. दिसायला देखणी, पण चार महिने गूगलवर दुकानाचं नाव टाकलं तरी येईना.

शेवटी भाच्याने पानाचा कोड उघडला. काम चालू असताना शोधयंत्राला ‘हे पान यादीत घेऊ नको’ असं सांगणारी ‘नोइंडेक्स’ची ओळ तशीच राहिली होती. त्या एका ओळीपायी दिवाळीचा हंगाम गेला. शिवाय घंगाळ, बंब, समई, सगळ्यांची माहिती फोटोवरच छापलेली! शोधयंत्राची मुख्य भिस्त पानावरच्या मजकुरावर असते. पानांची शीर्षकं काय, तर ‘होम’ आणि ‘पेज २’. गिऱ्हाईक शोधतं ‘पितळी समई नाशिक’, ‘भांड्यांना कल्हई’. गल्ल्यावर बसणाऱ्याला हे शब्द तोंडपाठ असतात, पण ते आम्हाला कुणी विचारलेच नाहीत.

व्यापारी बांधवांना कळकळीची विनंती: रंग, चित्रं ठरवण्याआधी असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत वहीत उतरवा. प्रत्येक वस्तूला वेगळं पान मागा. आधीची साइट असेल तर जुन्या पानांचे वेब-पत्ते नव्या पानांकडे कायमचे वळवून घ्या. आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, त्याचं खातं स्वतःच्या नावावर ठेवा. आणि पैसे देण्याआधी हे सगळं करारात लिहून घ्या.

आमची पानं आता नव्याने लिहितोय. पहिलं कल्हईचं केलं.

– एक भांडी व्यावसायिक, जुने नाशिक