श्रीहरिकोट्याचं एक वर्ष

सांगली,
१५ नोव्हेंबर २०२३, भाऊबीज

प्रिय संज्या,

येतो येतो म्हणून यंदाही टांग मारलीस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर उतरवतोय.

हरभट रोडला भडंग घ्यायला गेलो तरी एकच प्रश्न, "चांद्रयान तुम्हीच सोडलं का?" अरे, श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपण केंद्रात आमच्या वाट्याला फक्त बूस्टरचं, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या जोड-रॉकेटांचं इंधन! चांद्रयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही कुशींना एस-२०० बूस्टर असतात, प्रत्येकात २०० टनांहून जास्त घन इंधन. त्यांची काही पोलादी कवचं वालचंदनगरला बनतात, म्हणजे आपल्या उसाच्याच पट्ट्यात. हे सांगितलं की इथली मंडळी खूश होतात. इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची भुकटी एचटीपीबी नावाच्या चिकट द्रव रबरात कालवायची, साच्यात ओतायची, मंद उष्णतेवर ठेवायची. खोडरबरासारखं घट्ट होतं. कालवताना जवळ कुणी थांबत नाही, सगळं लांबून चालतं. द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं. हे एकदा पेटलं की पेटलं. आत चीर राहिली तर जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकतं. त्यामुळं आमचं निम्मं आयुष्य तपासण्यांत जातं.

फेब्रुवारीच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटपासून सप्टेंबरच्या आदित्य या सूर्ययानापर्यंत सात उड्डाणं झाली, सातही यशस्वी. १४ जुलैचं चांद्रयानाचं तू टीव्हीवर पाहिलंसच.

पण मला विचारशील तर वर्ष गाजवलं ते २१ ऑक्टोबरनं. माणसाला अंतराळात नेणाऱ्या गगनयानची चाचणी. आधीच उशीर झालेला, त्यात उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकानं सगळं थांबवलं. इकडं आईनं देव पाण्यात घातलेले! दोष सापडला, दुरुस्त झाला आणि दहा वाजता यान उडालं. साधारण बारा किलोमीटरवर सुटका यंत्रणेनं अंतराळवीर बसायची कुपी, जी आता रिकामी होती, रॉकेटपासून ओढून काढली, पॅराशूट उघडली, नौदलानं ती समुद्रातून उचलली. त्या यंत्रणेच्या मोटरीही घन इंधनाच्याच, बरं का. विझत नाही म्हणून ज्याची धास्ती घ्यायची, तेच उद्या माणसाचा जीव वाचवायला क्षणात पेटणार. टाळ्या उडण्याला पडल्या; मी मात्र त्या थांबण्यावर फिदा आहे.

ताई ओवाळायला थांबलीय, हाका चालल्यात. सुट्टी संपली की पुन्हा सुल्लुरूपेटा, श्रीहरिकोट्याजवळचं आमचं गाव. हिवाळ्यात तिथल्या पुलिकत सरोवराच्या पाण्यात रोहित पक्षी येतात, वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. राहायची सोय माझ्याकडं. मासे मात्र तू आणायचेस.

तुझा,
बाळ्या