मुग्धास पत्र : आधी पंखा, मग एअर फ्रायर

इचलकरंजी,
१२ जून

चि. मुग्धा हीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या खोलीसाठी काय काय घ्यायचं याची तू पाठवलेली यादी मिळाली. आईलाही वाचून दाखवली. एअर फ्रायर, भिंतीवरचे रंगीत दिवे, कॉफीचं मशीन, उभा आरसा आणि सगळ्यात शेवटी "पंखा, जमला तर". पगार तुझा आहे, त्यात मी नाक खुपसणार नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगतो. फोनवर सांगायला घेतलं की "बाबा, मीटिंग आहे" होतं, म्हणून हे पत्र.

मी आयुष्यभर लोकांच्या बिघडलेल्या वस्तू उघडत आलोय. मागाच्या मोटरा हे पोटाचं काम, त्याच्या जोडीला पंखे, मिक्सर, इस्त्र्या, पाण्याचे पंप. दुकानात वस्तू आली की स्क्रू काढायच्या आधीच कळतं, ती घरात राबलीय की नुसती बसलीय. कपलरचे, म्हणजे जार मोटरीला जोडणाऱ्या चाकाचे, दात झिजलेले, जारच्या बुडाला काळपट तेल उतरलेलं, बटणावरचे आकडे बोटांनी पुसून गेलेले, असा मिक्सर आला की समजायचं, या घरात रोज वाटण होतं. असलं गिऱ्हाईक पैशाला कुरकुरत नाही, फक्त "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणून मागे लागतं. उलट रोटी मेकर बघ. माझ्याकडे जे आले ते सगळे नव्यासारखे. वायरची घडीसुद्धा कारखान्यात घातली तशीच. आणणारा म्हणणार, "चालू करून द्या, कुणाला तरी देऊन टाकतो." तेव्हा खरेदी चांगली की वाईट हे मी झिजेवरून ठरवतो. जी झिजून माझ्याकडे येते ती चांगली.

आपल्या घरातलंच घे. २००९ साली आपण वॉशिंग मशीन घेतलं. तू लहान होतीस, पण सोलापुरी चादर पिळायचं आठवत असेल. एक टोक आईच्या हातात, दुसरं तुझ्या, तू एका अंगाला पीळ द्यायचा, तिने दुसऱ्या. पाणी तुझ्या पायावर. तुला तो खेळ होता. आईचं मनगट रात्री सुजायचं आणि ती बाम चोळत बसायची, ते तू झोपल्यावर. दुकानदार ऑटोमॅटिक गळ्यात मारत होता. मी सेमीच घेतलं, कारण ऑटोमॅटिकला नळाला धार लागते आणि आपल्याकडे पाणी रोज येतंच कुठे? सेमीमध्ये बादलीने पाणी ओतलं तरी चालतं, आणि पहिल्या धुण्याचं साबणाचं पाणी दुसऱ्या खेपेला पायपुसण्यांना वापरता येतं. आईचा खरा जीव ड्रायरच्या भांड्यात. धुवायचं काय, ती अजूनही कॉलर आणि बाह्या हातानेच घासते, मशीनवर तिचा तेवढा विश्वास नाही. पण पिळणं गेलं. जुलैत कपडे दोन-दोन दिवस दोरीवर आंबायचे तेही गेलं. त्या मशीनचा पट्टा मी बदललाय, टायमर बदललाय, पाणी सोडायची नळी बदललीय. अजून चालू आहे.

तुझ्या यादीतल्या शेवटच्या वस्तूकडे येतो. खोलीतला पंखा हळू फिरतो म्हणालीस ना? लगेच नवा घेऊ नको. छताच्या पंख्याला वरच्या कपात एक छोटा कंडेन्सर असतो. बहुतेक अडीच मायक्रोफॅरॅडचा, त्याच्यावर लिहिलेलं असतं. तो काही वर्षांनी दमतो आणि पंख्याचा जोर जातो. शंभराच्या आतबाहेर वस्तू मिळते, बदलायला दहा मिनिटं. तू स्वतः स्टूलवर चढू नकोस, इलेक्ट्रिशियनला बोलव, आणि तो एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागचा खटका, पाडतोय का हे उभं राहून बघ. नुसतं बटण बंद करून काम करणारे पुष्कळ आहेत. कंडेन्सर बदलूनही घरघर येत असेल तर बेअरिंग गेलं, मग मात्र नवा घे.

नवा घेतलास तर बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा घे. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा साधारण ३०. म्हणजे ४५ वॅट वाचले. दिवसाला १५ तास धरलेस तर महिन्याला २० युनिट होतात, पुढचा गुणाकार तुझ्या बिलावरच्या दराने कर. साधा दीड हजाराच्या आसपास पडतो, हा अडीच-तीन हजार. वरचे पैसे एक-दोन वर्षांत सुटतात. आपल्याकडे माजघरात मी लावला तो बिलासाठी नाही, इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो म्हणून. आता आजीला दुपारी लाइट गेल्याचं कळतसुद्धा नाही. एक वाईट बाजू सांगतो. याच्या मोटरीत फिरणाऱ्या भागाला लोहचुंबक बसवलेले असतात आणि सगळा कारभार आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालतो. बोर्ड गेला की माझ्यासारखा रिवाइंडिंगवाला काही करू शकत नाही, कंपनीचाच माणूस लागतो. आमच्या पोटावर पाय आहे खरं तर! तरी घे म्हणतो. मात्र वॉरंटी किती वर्षांची आणि पुण्यात त्यांचं सर्व्हिस सेंटर कुठे हे आधी विचार. आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढायला सांग, रिमोट मिळतो, त्याच्यावरच चालव. घरमालकाचा पंखा पुसून माळ्यावर ठेव, सोडताना त्याचा त्याला लावून द्यायचा आणि आपला घेऊन यायचा.

एअर फ्रायर. तुम्ही तिघी एकत्र राहता, आणि तिघींनाही रात्री आठशिवाय घर दिसत नाही. त्यापेक्षा तीन लिटरचा कुकर आणि आत बसणारे दोन डबे घे. खाली वरण, वर भात, कडेला दोन बटाटे, एका खेपेला जेवण. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, कुकरात वाफ कोंडल्यामुळे १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की आच कमी करायची. शिट्ट्या मोजत बसून डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ आणि वीज जाते. तुमच्याकडे इंडक्शनची शेगडी आहे म्हणालीस, त्यामुळे साधा ॲल्युमिनियमचा कुकर घेशील तर तापणारच नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचा एखादा चुंबक पिशवीत टाक आणि बुडाला लावून बघ, चिकटला तर घे. सोबत एक जादा रबर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन ठेव. रिंग वर्षा-दीड वर्षात सैल होते आणि ती नेमकी पाहुणे आल्यावरच होते.

आता शेगडीचंच निघालं म्हणून. इंडक्शन दोन हजार वॅटपर्यंत ओढतं. लहान पिनचा प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम १४०० वॅटला पुरतो. फोन चार्ज करायच्या एक्स्टेंशन बोर्डावर शेगडी किंवा पाणी तापवायचा रॉड लावलात तर आधी प्लग पिवळा पडेल, मग वास येईल, आणि त्यानंतरचं मला लिहवत नाही. मोठ्या भोकांचा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. चांगल्या तांब्याच्या तारेचा, आयएसआय शिक्क्याचा बोर्ड घे, शंभर-दोनशे जास्त गेले तर जाऊ देत. आरशापेक्षा आधी हा.

मी स्वतःवर केलेल्या खर्चातला सर्वांत कामाचा कुठला म्हणशील, तर दुसरा चष्मा. पंख्याची ३६ गेजची तार केसासारखी बारीक असते. चाळिशीनंतर ती मला दिसायची पण टोकं सापडायची नाहीत, कुठलं टोक स्टार्टिंगचं आणि कुठलं रनिंगचं, उन्हात नेऊन बघायचो. चष्मा केला, तर तो दुकानातून घरी, घरून दुकानात, आणि हवा तेव्हा नेमका दुसऱ्या ठिकाणी. आई म्हणाली, दोन करा की. चष्म्याचे दोन करणं मला उधळपट्टी वाटायची, आपल्याकडे चपलासुद्धा एकच जोड. आता एक दुकानात खिळ्याला अडकवलेला असतो आणि एक घरी पेपरजवळ. दिवसातली किती चिडचिड त्या एका शोधण्यात जात होती हे तू आईला विचार, ती वाढवून सांगेल.

आणि आजीचा दांडा. गेल्या दिवाळीआधी न्हाणीघरात कमोडच्या बाजूला स्टीलचा दांडा आणि आंघोळीला रबरी पायांचं स्टूल आणलं. दांड्यापेक्षा तो बसवणाऱ्याची मजुरी जास्त झाली, कारण मी टाइल फोडायला त्याला घाई करू दिली नाही, लांब स्क्रू आणि फिशर भिंतीत पक्के बसलेत याची स्वतः लोंबकळून खात्री केली. आजी आधी "मला काय झालंय" म्हणून रुसली होती. आता ती आंघोळीला कुणाला हाक मारत नाही. उठताना "सूनबाई" म्हणून ओरडणं बंद झालं. दोघींचीही भांडणं त्यामुळे कमी झालीत, हे त्या दोघी कबूल करणार नाहीत.

गादी, उशी यांचं तुला कळतंच, त्यावर मी लिहीत नाही. पातळ स्पंजची घेऊ नको एवढंच. भाजीचं सोलाणं आणि गॅसचा लायटर (कधी गॅस आला तर) आई पाठवतेय. लायटरला सेल लागत नाही, आत स्प्रिंगचा हातोडा स्फटिकावर आपटतो आणि ठिणगी पडते. भिजला की चालत नाही, मात्र वाळला की पुन्हा चालतो. फेकून देऊ नको.

रंगीत दिवे घे, ते काही वाईट नाहीत. कॉफीच्या मशीनबद्दल मात्र थांब. तुमच्यातली एक तरी रोज सकाळी साधी फिल्टर कॉफी करून पिते का ते महिनाभर बघ. पीत असेल तर मशीनही झिजेल.

रविवारी दोन फोटो पाठव. एक पंख्याचा, छत आणि पाती दोन्ही दिसतील असा, म्हणजे दांडा किती लांबीचा लागेल ते कळेल. दुसरा शेगडीच्या बाजूच्या प्लगचा, भोकं लहान आहेत की मोठी एवढं दिसलं तरी पुरे.

तुझे,
बाबा

ता.क. वस्तू घेशील त्या दिवशी बिलाचा फोटो काढून मला पाठव. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद राहतो.