सिस्टर ट्यूटर मावशीस, फ्रेझ्नोहून

फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया
19 ऑक्टोबर 2025

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

ऑगस्टपासून मी नर्सिंगचे स्टुडंट वॉर्डात शिकवायला घ्यायला लागले हे फोनवर सांगितलं, तेव्हा तू एवढंच विचारलंस, "पोरी कशा आहेत?" मी "छान आहेत" म्हणाले आणि मग आईने फोन घेतला. तीस वर्षं सिस्टर ट्यूटर म्हणून नर्सिंगच्या मुलींना शिकवलेल्या बाईला "छान आहेत" हे काही उत्तर नव्हे. गेले दोन महिने ते मनात राहिलं. आज रविवार आहे, उद्याची तयारी झाली आहे, म्हणून बसले लिहायला.

पहिलं म्हणजे, सगळ्या पोरी नाहीत. माझ्या दहा जणांत दोघे मुलगे आहेत. एक पंजाबी. त्याचे वडील इथून जवळच सेल्माला मनुकांच्या शेतीत आहेत आणि तो स्वतः सहा वर्षं हायवे 99 वर ट्रक चालवत होता. दुसरा ह्मोंग समाजातला. त्याचे आजी-आजोबा व्हिएतनाम युद्धानंतर लाओसच्या डोंगरांतून निघाले, थायलंडच्या छावणीत राहिले आणि मग फ्रेझ्नोला आले. त्या समाजाची अशी हजारो माणसं या गावात आहेत. चौघी जणी मेक्सिकन घरांतल्या. त्यातल्या दोघी शाळेच्या सुट्टीत आईबापांबरोबर द्राक्षं तोडायला जायच्या. एकीची आई आणि मावशी दोघी फिलिपिनो नर्सेस. एक बाई 46 वर्षांची आहे, तिची मुलं कॉलेजात गेली आणि मग ती स्वतः आली. एक जण आधीपासून एल.व्ही.एन. आहे. म्हणजे साधारण वर्षभराचा कोर्स केलेली, आपल्याकडच्या ए.एन.एम.सारखी म्हण, पण अगदी तशीही नाही. आणि एक सी.एन.ए. ती पेशंटना अंघोळ घालणं, उठवणं-बसवणं, भरवणं हे करते. त्यासाठी इथे 160 तासांचं प्रशिक्षण लागतं. तिच्याबद्दल शेवटी लिहिते, तिच्यासाठीच खरं तर तुझा सल्ला हवा आहे.

आता हे दहा जण पाहून तुला वाटेल की कॅलिफोर्नियातल्या नर्सेस अशाच असणार. तसं नाही. या राज्यात दर दहा माणसांत चार लॅटिनो आहेत, आमच्या सॅन वाकीन खोऱ्यात तर त्याहून जास्त. पण रजिस्टर्ड नर्सेसमध्ये त्यांचं प्रमाण त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. उलट फिलिपिनो माणसं लोकसंख्येत थोडी, पण नर्सेसमध्ये पाचातली साधारण एक तरी फिलिपिनो. याला मोठा इतिहास आहे. फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं तेव्हाच तिथे इंग्रजीतून अमेरिकन पद्धतीच्या नर्सिंग शाळा निघाल्या. 1948 पासून पाहुण्या प्रशिक्षणार्थींची योजना सुरू झाली आणि 1965 च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर तर दार उघडलंच. कोविडमध्ये या लोकांनी त्याची किंमत कशी मोजली बघ. देशातल्या नर्सेसमध्ये ते साधारण चार टक्के. पण सप्टेंबर 2020 पर्यंत दगावलेल्या नर्सेसची यादी इथल्या नर्सेसच्या संघटनेने केली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश नावं फिलिपिनो निघाली. अतिदक्षता विभागात, मेडिकल वॉर्डात, रात्रपाळीत, जिथे माणसं कमी पडतात तिथे तेच उभे होते. आमच्या मजल्यावर माझी पहिली चार्ज नर्स, म्हणजे पाळीची प्रमुख, फिलिपिनो होती. शिरेत सुई कशी घालायची हे मी खरं शिकले ते तिच्याकडून.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. सप्टेंबर म्हणजे इथे मनुकांचा हंगाम. द्राक्षं तोडून वेलींच्या रांगांमध्ये कागदांवर वाळत घालतात आणि उन्हाचा पारा कधी कधी चाळीसपर्यंत जातो. एक शेतमजूर पायाच्या जखमेने दाखल झाला होता, मधुमेही. घरी सोडायची वेळ आली. इन्सुलिन कसं घ्यायचं, पाय रोज कसा तपासायचा हे दुभाष्याला व्हिडिओवर घेऊन स्पॅनिशमध्ये समजावलं. दर वाक्याला तो "सी, सी" म्हणत होता. दुभाषी खूश, मीही समाधानी. माझी एक विद्यार्थिनी कोपऱ्यात उभी होती. ती बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "यांना काही कळलेलं नाही. हे मिश्तेको बोलणारे आहेत. आमच्या शेतमजुरांच्या कॅम्पात असे बरेच होते. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात." मिश्तेको म्हणजे मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या मूळ रहिवाशांची भाषा, तिचा स्पॅनिशशी काही संबंध नाही. मग मिश्तेकोचा दुभाषी शोधला. तो मिश्तेकोतून स्पॅनिशमध्ये सांगायचा आणि दुसरा स्पॅनिशमधून इंग्रजीत. दोन तास गेले. तेव्हा कळलं की इन्सुलिनचं पेन एकदाच वापरून टाकून द्यायचं असा त्याचा समज झाला होता.

मावशी, ही मुलगी अजून नर्स झालेली नाही. औषधांच्या मात्रांचं गणित तिला अजून अडतं. पण त्या खोलीत आम्हा सगळ्या लायसन्सवाल्यांना जे दिसलं नाही ते तिला दिसलं, आणि ते कुठल्याही सिमेस्टरला शिकवता येत नाही. म्हणून मला वाटतं, एखाद्या प्रदेशात नर्सेस किती आहेत हा प्रश्न अर्धाच. त्या कोणाच्या घरातून आल्या, हाही तेवढाच मोठा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शेवटी शिक्षणाचं दार किती रुंद आहे त्यावर ठरतं.

ते दार कसं आहे तेही सांगते, कारण तुझ्या जी.एन.एम.च्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, दिवसांशी ताडून पाहायला तुला आवडेल. इथेही पूर्वी तुमच्यासारख्याच हॉस्पिटलच्या शाळा होत्या. हॉस्टेल, टोपी, तीन वर्षं, आणि शिक्षणाच्या नावाखाली वॉर्डात फुकटची ड्युटी. त्या आता जवळजवळ संपल्या. मिल्ड्रेड मॉन्टॅग नावाच्या बाईंनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहून मांडलं की नर्सचं शिक्षण हॉस्पिटलातून काढून दोन वर्षांच्या कॉलेजात न्यावं. 1952 मध्ये त्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांच्या मनात पदवीधर नर्सच्या हाताखाली काम करणारी वेगळी तंत्रज्ञ होती. प्रत्यक्षात झालं असं की दोन वर्षांच्या कॉलेजातली ए.डी.एन. आणि चार वर्षांची पदवी घेतलेली बी.एस.एन. दोघी एकच परीक्षा देतात आणि दोघींना आर.एन. (रजिस्टर्ड नर्स) हे एकच लायसन्स मिळतं. ती परीक्षा संगणकावर असते. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो आणि खात्री पटली की मशीन मध्येच थांबतं. मी 2015 मध्ये दिली तेव्हा कमीत कमी 75 प्रश्न असत आणि माझा पडदा बरोबर 75 व्या प्रश्नाला बंद झाला. नापास झाले असं समजून मी गाडीत बसून रडले होते, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता प्रश्न 85 ते 150 असतात.

मीही अशाच एका कम्युनिटी कॉलेजातून आले. राज्यातल्या रहिवाशांना तिथे एका युनिटला 46 डॉलर फी आहे, बरीच वर्षं तेवढीच. खासगी कॉलेजात या शिक्षणाला लाखभर डॉलरच्या घरातही खर्च जातो. द्राक्षं तोडणाऱ्याच्या मुलीला दुसरा रस्ताच नाही. पण फी परवडली तरी जागा कुठे आहेत? शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी चांगल्या गुणांनी पूर्ण करायचे आणि मग अर्ज करायचा. पात्र मुलं जागांच्या कितीतरी पट असतात. काही कॉलेजं गुण आणि अनुभव बघून निवडतात, काही तर सरळ चिठ्ठ्या टाकतात. माझं नाव तिसऱ्या खेपेला निघालं. दोन वर्षं मी सगळ्या अर्हता हातात घेऊन बसून होते, आणि त्याच दोन वर्षांत खोऱ्यातली हॉस्पिटलं बाहेरून तात्पुरत्या नर्सेस मागवत होती.

जागा का वाढत नाहीत? तुला लगेच कळेल: शिकवायला माणसं नाहीत. शिकवायचं तर एम.एस.एन., म्हणजे नर्सिंगची पदव्युत्तर पदवी, लागते, आणि ती झालेली नर्स हॉस्पिटलात राहिली तर कॉलेजापेक्षा बरंच जास्त कमावते. माझाही पगार आता कमी होणार आहे. हे आईला अजून बोलले नाही, तू सांभाळून सांग. शिवाय विद्यार्थ्यांना घेऊन जायला वॉर्ड हवेत. मोठी हॉस्पिटलं मोठ्या शहरांत, आणि त्या वॉर्डांवर सगळ्या कॉलेजांचा डोळा. शेजारच्या मडेरातलं सर्वसाधारण रुग्णालय जानेवारी 2023 मध्ये पैशाअभावी बंद पडलं आणि 2025 च्या मार्चमध्ये पुन्हा उघडलं. मधल्या दोन वर्षांत त्या अख्ख्या काउंटीतले प्रौढ पेशंट आमच्याकडे, आणि तिथली शिकायची जागा गेली ती वेगळीच. माझ्या त्या चौघी मेक्सिकन मुलींतली एक मडेराची आहे. ते रुग्णालय बंद झालं त्याच वर्षी आपण नर्स व्हायचं ठरवलं, असं ती सांगते.

एका वादावर तुझं मत ऐकायचं आहे. सगळ्या नर्सेस बी.एस.एन. असाव्यात असा इथे पंधरा वर्षं आग्रह आहे. मोठी हॉस्पिटलं नोकरीच्या जाहिरातीतच तसं छापतात. यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. लिंडा एकेन या संशोधक बाईंनी 2003 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. जिथे पदवीधर नर्सेसचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी कमी, असं त्यांना दिसलं. मी स्वतः नोकरी करत करत बी.एस.एन. केली आणि त्यानंतर मी कागद वाचायला, डॉक्टरांना "हे का?" विचारायला शिकले. पण पदवी हवी म्हणून दोन वर्षांचं दार बंद केलं तर माझ्या दहांतले सात-आठ जण बाहेरच राहतील. 2024 मध्ये विधिमंडळाने काही कम्युनिटी कॉलेजांना प्रायोगिक तत्त्वावर बी.एस.एन. देऊ देणारी दोन विधेयकं मंजूर केली होती. गव्हर्नर न्यूसम यांनी दोन्ही नाकारली. मला तो निर्णय चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. इथल्या मुलांना गाव, नोकरी, म्हातारे आईबाप सोडून चार वर्षं लांब जाता येत नाही. त्यांना इथेच, टप्प्याटप्प्याने वर चढू दिलं तर ती इथेच राहतील. बाहेरून आलेली नर्स धुकं आणि ऊन बघून दोन वर्षांत निघून जाते, हे मी दहा वर्षं पाहते आहे.

एका गोष्टीचा मात्र तुला हेवा वाटेल. तुझ्या वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असायच्या. इथे कायद्याने मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत, अतिदक्षता विभागात दोनपेक्षा जास्त नाहीत. कायदा 1999 चा, अंमल 2004 पासून टप्प्याटप्प्याने. कोणी जेवायला गेली तरी तिचे पेशंट दुसरीवर चढवून संख्या मोडायची नाही. नर्सेसनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून हे मिळवलं. माझे विद्यार्थी याला जन्मसिद्ध हक्क समजतात. त्यांना मी तुझ्या वॉर्डाचं सांगितलं तर एकाने विचारलं, "मग तुमच्या मावशी रात्री कोणाकडे आधी जायच्या?" मला उत्तर देता आलं नाही. ते लिहून पाठव.

आता ती सी.एन.ए. तीस वर्षांची आहे, एक लहान मुलगा, नवरा नाही. आठवड्यात तीन रात्री नर्सिंग होममध्ये काम करते आणि सकाळी सात वाजता माझ्यापुढे गणवेशात उभी. पेशंटला कुशीवर वळवताना तिचे हात बघितले तर तुझी आठवण येते. पण औषधांच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली आहे. दुसऱ्यांदा झाली तर नियमाप्रमाणे तिला कोर्स सोडावा लागेल. मागच्या मंगळवारी ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घेता घेता तिला उभ्या उभ्या डुलकी लागली. मी काहीच बोलले नाही, बोलायला हवं होतं. रात्रीचं काम सोड म्हणावं तर घरभाडं कुठून भरेल? आणि न बोलावं तर हे दहा मिलिग्रॅमच्या जागी शंभर होण्याचं लक्षण आहे, हे तुझ्याच तोंडून मी लहानपणी ऐकलंय. परीक्षा 7 नोव्हेंबरला आहे. माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी तिला रोज अर्धा तास मात्रांची गणितं घालते. तुझ्याकडे अशा मुली आल्या असतील. ड्युटी करून, घर सांभाळून शिकणाऱ्या. तू त्यांना काय सांगायचीस, आणि कधी गप्प बसायचीस?

आणि तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची प्रोसिजरची वही अजून असेल तर शंतनूला सांगून औषधांच्या गणितांची पानं तेवढी फोटो काढून पाठव. तू गणित उलट बाजूने, बाटलीपासून सुरू करून सांगायचीस, ती पद्धत मला नीट आठवत नाही आणि तिला तीच समजेल असं वाटतं.

गुडघ्याची काळजी घे. काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुमी