मातीच्या किल्ल्यांप्रमाणे चाहत्यांचे गेमही जपायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठ्यांचे बारा किल्ले 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून जतनाचा विषय पुन्हा चर्चेत आला, याचे समाधान आहे. मात्र या चर्चेत आपण बहुधा दगडाचाच विचार करतो. मऊ आणि स्वस्त साहित्यात, नाव मागे न ठेवणाऱ्या माणसांनी घडवलेल्या वारशाचे काय, हा प्रश्न मी दोन उदाहरणांच्या आधारे मांडू इच्छितो.

उझबेकिस्तानातील काराकाल्पाकस्तानात, किझिलकुम वाळवंटाच्या कडेला ख्वारझम या मध्य आशियातील प्राचीन प्रदेशाचे किल्ले उभे आहेत. त्यांपैकी अयाझ-काला येथील टेकडीवरचा कोट इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातला मानला जातो. हे सारे बांधकाम चोपलेल्या मातीचे आणि उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचे आहे. येथील किल्ल्यांच्या विटांवर, माती ओली असतानाच उमटवलेल्या खुणा आढळतात. त्या घडवणाऱ्यांची तेवढीच काय ती सही. भारताविषयीच्या ग्रंथामुळे आपल्याला परिचित असलेला अल्-बिरुनी मूळचा ख्वारझमचाच. त्याने लिहून ठेवले आहे की, अरब सेनापती कुतैबाने तेथील लिपी आणि परंपरा जाणणाऱ्यांचा नाश केला. त्यामुळे 1937 पासून सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सेर्गेई तोलस्तोव यांच्या मोहिमेने केलेल्या उत्खननाला फार मोठे मोल आहे. तरीही 1950च्या दशकात खणून मोकळी केलेली कोय-किरिलगन-काला ही वर्तुळाकार वास्तू उघडीच राहिली आणि वारा-पावसाने झिजत गेली. तिची मूळ रचना समजून घ्यायला आज मोहिमेची रेखाटनेच हाताशी घ्यावी लागतात. शेतीच्या पाण्यामुळे भूजल वर येते, त्यातला क्षार भिंतीच्या पायथ्याशी साठतो, माती पापुद्र्यांनी सुटते आणि खालून पोखरलेली भिंत एक दिवस कोसळते.

दुसरे उदाहरण ‘युमे निक्की’ या जपानी गेमचे. ‘किकियामा’ हे टोपणनाव घेणाऱ्या व्यक्तीने 2004 मध्ये तो ‘आरपीजी मेकर 2003’ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर तयार केला. खोलीबाहेर पडायला नकार देणारी मादोत्सुकी झोपी जाते, स्वप्नात बारा दारांपाशी पोहोचते आणि गालाला चिमटा काढला की जागी होते. संवाद जवळजवळ नाहीत, अर्थ कोणी सांगत नाही. या मौनातूनच चाहत्यांनी ‘युमे 2क्की’सारखे नवे गेम रचले. ‘युमे 2क्की’ अनेकांनी मिळून वर्षानुवर्षे वाढवत नेला आहे. त्यातले काही भाग नंतरच्या आवृत्त्यांत काढलेही गेले. असे जुने गेम नव्या यंत्रांवर चालावेत म्हणून ‘ईझीआरपीजी’ हा प्रकल्प स्वयंसेवकांनी उभा केला. मला हे काम दुर्गसंवर्धनाच्याच तोलाचे वाटते.

दोन हजार वर्षांच्या तटाशी वीस वर्षांच्या गेमची तुलना कशी करता, असा आक्षेप कोणी घेईल. वयाने ती होत नाही, हे मान्य. पण दोन्हींचा ऱ्हास होतो तो देखरेख थांबल्यामुळे. मातीच्या भिंतीला वेळोवेळी लिंपण लागते. वस्ती उठली की ते थांबते. चाहत्याने सर्व्हरवर ठेवलेली जुनी आवृत्ती सर्व्हर बंद होताच जाते, आणि तिची नक्कल कोणी ठेवली नसेल तर तिचे रेखाटनसुद्धा मागे उरत नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीत किल्ल्यांच्या बरोबरीने अशा डिजिटल निर्मितीच्या जतनावरही जाणकारांकडून लेख लिहवून घ्यावेत. आणि मराठीत हौसेने गेम करणाऱ्या तरुणांनी प्रत्येक आवृत्तीची मूळ फाइल, तिची तारीख आणि सहभागी व्यक्तींची नावे किंवा टोपणनावे एकापेक्षा अधिक ठिकाणी नोंदवून ठेवावीत. तोलस्तोव यांच्या सहकाऱ्यांनी नकाशे काढले नसते तर कोय-किरिलगन-कालाविषयी आज फारच थोडे सांगता आले असते.

आपला,
एक वाचक, सातारा