विषय: लोकरीच्या रंगाच्या पुडीत सुती कापडाचे माहितीपत्रक, 400 ग्रॅम लोकर वाया

व्यवस्थापक,

आज तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलले. पाचव्यांदा बोलण्याची ताकद नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या लोकरीच्या मरून रंगाच्या पुडीत निघालेले पत्रक सुती कापडाचे आहे. थंड पाणी, धुण्याचा सोडा, रात्रभर भिजत ठेवा. तुमचाच मोरपिशी रंग मी आजवर व्हिनेगर घालून, पाणी उकळू न देता मंद आचेवर पाऊण तास ठेवून चढवत आले. म्हणून शंका आली आणि रंगवायच्या आधीच फोन केला. उत्तर मिळाले, "पत्रकात दिलंय तसंच करा." केले. माझा मूर्खपणा.

सकाळी टोपातले पाणी होते तसेच गडद मरून, आणि लोकर फिकट गुलाबी. चार पाण्यांतून काढली तरी रंग जातोच आहे. मऊसूत मेरिनोच्या चार लड्या काथ्यासारख्या चरचरीत झाल्या. सोडा लोकरीचे काय करतो, हे रंग बनवणाऱ्यांना मी सांगायचे?

आता आजचे संभाषण. मी म्हटले, या रंगाला आम्ल आणि उष्णता लागते, पत्रकात दोन्ही नाही. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "काकू, लोकर गरम पाण्यात घालायची नसते, आटते." मी सांगितले की, आटते ती एकदम गरम-थंड केल्याने आणि चोळल्याने, हळूहळू तापवली, न ढवळता टोपातच निवू दिली तर काही होत नाही. तो थांबला. मला वाटले, लिहून घेतोय. मग म्हणाला, "घरात कुणी जाणकार असेल तर त्यांना फोन देता का?"

घरात जाणकार मीच आहे. बाकीच्यांना लडी आणि गुंडा यांतला फरकही माहीत नाही.

पुढे म्हणे लोकरच नकली असेल. धागा जाळून पाहिला. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. ॲक्रिलिक असते तर वितळून टणक गोळी झाली असती. हे सांगितल्यावर, "पुडी फोडलेली आहे, परत घेता येणार नाही." पुडी न फोडता आतले पत्रक वाचायची काही नवी युक्ती तुम्ही काढली असेल तर तीही छापा. पत्रकात जागा आहे.

पुन्हा सांगते, पत्रक सुती कापडाचे आहे. माझ्या पुडीत निघाले तसे इतरांच्याही निघाले असणार.

मला 400 ग्रॅम मेरिनो भरून हवी आहे आणि या तुकडीच्या पुड्या दुकानांतून परत मागवलेल्या हव्या आहेत. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर पत्रकाचा आणि लड्यांचा फोटो माझ्या ओळखीच्या प्रत्येक विणणारीकडे जाईल. मीच त्यांना तुमचे रंग घ्यायला लावले होते, याची लाज वाटते. तो मोरपिशी स्वेटर अजून एक छटाही उतरलेला नाही, म्हणून जास्तच.

उत्तर लेखी द्या. फोन नको.

एक (आतापर्यंतची) नेहमीची ग्राहक