विमा एजंट होऊ पाहणाऱ्या मित्रास

तासगाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

साखर कारखान्याच्या लेखा विभागातील नोकरी सोडून पूर्णवेळ विमा एजंट व्हावे का, असे तू विचारले आहेस. एजंट अवश्य हो. मात्र वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. असे का म्हणतो, ते सविस्तर लिहितो.

बाहेरच्यांना दिसते ते पहिल्या वर्षाचे कमिशन, कारण ते मोठे असते. खरा संसार चालतो तो पुढील हप्त्यांवरच्या छोट्या टक्क्यांवर, आणि ते ग्राहकाने हप्ते भरत राहिले तरच मिळतात. ज्याला झेपणार नाही अशा माणसाच्या गळ्यात मोठी पॉलिसी मारली, तर ती दुसऱ्या वर्षी लॅप्स होते, म्हणजे हप्ते थकून बंद पडते. त्याचे बरेच पैसे जातात आणि आपलेही पुढचे उत्पन्न आटते. ऑक्टोबर २०२४ पासून पॉलिसी लवकर बंद करणाऱ्यास जास्त सरेंडर रक्कम, म्हणजे परतीचे पैसे, देणे विमा नियामकाने बंधनकारक केले, तेव्हा एलआयसीने एजंटांचे पहिल्या वर्षाचे कमिशन घटवून पुढील हप्त्यांवरचे वाढवले. शाखेत त्यावर बरीच नाराजी होती. मला मात्र तो बदल मनापासून योग्य वाटतो, कारण विकून मोकळे होणाऱ्यापेक्षा ग्राहकाला सांभाळणाऱ्याला त्यात अधिक मिळते.

आपल्या भागात उत्पन्नाला हंगाम असतो, हे तुला कारखान्यात बसून माझ्याइतकेच ठाऊक आहे. उसाचे बिल जमा झाले किंवा बेदाण्याचे पैसे हाती आले की लोक हप्ते भरतात, नव्या पॉलिसीचे प्रपोजलही देतात. पावसाळ्यात मात्र बी-बियाणे, खते आणि मुलांच्या शाळा यांतून काही उरत नाही. पूर्वी मार्च एंडिंगला कर वाचवण्यासाठी नोकरदार स्वतःहून फोन करीत. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय झाली, तिच्यात विम्याच्या हप्त्यावर मिळणारी ८०सी ची वजावट नाही, त्यामुळे ती गर्दी ओसरली आहे. पगार ठरावीक तारखेला येतो या सवयीने आखलेले घर या चढउतारात फार लवकर कर्जात जाते. पगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. एलआयसीच्या एजंटांना ग्रॅच्युइटी आहे आणि २०२३ साली तिची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख रुपये झाली, पण तिला पात्र होण्यासाठी आधी टिकावे लागते.

टिकण्याची खरी कसोटी नातेवाइकांची यादी संपल्यावर सुरू होते. मग अनोळखी माणसाच्या दारात उभे राहावे लागते आणि तो पहिलाच प्रश्न विचारतो, "पहिला हप्ता तुम्ही भरणार का?" विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार आपल्या कमिशनमधून ग्राहकाला अशी सवलत देणे बेकायदेशीर आहे आणि त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तरीही शेजारचा एखादा एजंट ते देतो आणि आपले ठरलेले काम त्याच्याकडे जाते. अशा वेळी घरी परतताना फार वाईट वाटते. तरी देऊ नकोस. सवलतीसाठी आलेला ग्राहक पुढच्या सवलतीसाठी जातो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

याहून कठीण मोह आतला असतो. घरात एकटा कमावता, दोन लहान मुले आणि डोक्यावर घराचे कर्ज असलेल्या चालकाला टर्म इन्शुरन्सच, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा विमाच, हवा असतो, कारण त्याच हप्त्यात मुदतीअखेर पैसे परत देणाऱ्या एंडोमेंटपेक्षा कितीतरी पट संरक्षण मिळते. परंतु टर्मचा हप्ता लहान, म्हणून आपले कमिशनही लहान. "मुदत संपल्यावर काहीच परत मिळत नाही का?" असे तो विचारतो, तेव्हा त्याच्या त्या शंकेचा फायदा घेऊन महागडी पॉलिसी विकणे अगदी सोपे असते. तेथे तू काय करतोस, यावरच तू कसला एजंट आहेस हे ठरेल.

तसाच अर्ज भरण्याचा प्रसंग. "शुगर आहे ते लिहू नका, हप्ता वाढेल," असे ग्राहक सांगतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षांनंतर पॉलिसीला कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही, पण त्याआधी मृत्यू झाला तर दाव्याची चौकशी होते आणि लपवलेला आजार त्या कुटुंबाच्या मुळावर येतो. माझ्या एका ग्राहकाने नाराज होऊनच मधुमेह लिहू दिला होता. दुसऱ्याच वर्षी तो गेला. चौकशी झाली, कागदपत्रे जुळली आणि त्याच्या पत्नीला पूर्ण रक्कम मिळाली. त्यातून तिने सोसायटीचे कर्ज फेडले आणि मुलीचे शिक्षण चालू ठेवले. या कामात मला जे समाधान मिळते ते असे, आणि ते जास्त विक्री करणाऱ्या एजंटांच्या कोणत्याही क्लबच्या सन्मानचिन्हापेक्षा मला मोठे वाटते.

एजंट होण्यासाठी द्यावी लागणारी आयसी-३८ ची परीक्षा मराठीतही देता येते. हिशेबात मुरलेल्या तुला ती जड जाणार नाही. येत्या रविवारी ये, आणि येताना वहिनींसह बसून काढलेला महिन्याच्या खर्चाचा आकडा घेऊन ये. वहिनींना हा निर्णय मान्य आहे का, तेही मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे.

तुझा,
अनिल